लक्षद्वीपचं पॅकेज छापताय, तिथल्या पाण्याचं पण छापा

मा. संपादक, स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लक्षद्वीपवर पानभर लेख आलाय, फोटो झकास, पॅकेजचे रेट, कोचीला फ्लाइट कशी बदलायची सगळं आहे, पण तिथे प्यायचं पाणी कुठून येतं यावर एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

मी आणि मिस्टर डिसेंबरात तिथल्या अगत्ती बेटावर पाच दिवस होमस्टेत राहून आलो. मागच्या अंगणात माडाखाली विहीर, पाणी अगदी वर, वाकलं तर हाताला लागेल असं. मी तिथल्या काकूंना म्हटलं, एवढं पाणी आहे तर मोठी मोटर लावा ना सरळ. त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, जोरात ओढलं की चहा खारट होतो.

नंतर नीट समजलं. तिथे नदी नाही, ओढा नाही, धरण तर नाहीच. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर होऊन तरंगत राहतं, बेताने शेंदलं तर टिकतं, पंपाने उपसलं की खालचं खारं वर चढतं. आणि वाळू चाळणीसारखी, त्यामुळे शोषखड्ड्यातली घाण पण त्याच थरात उतरते. आपल्याकडे सिंहगड रोडला बोअर आटली की सोसायटी टँकर मागवते, तिथे टँकर आणणार कुठून?

काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर रोज १ लाख लिटर गोडं पाणी देणारा प्लांट उभा केला. वरच्या कोमट समुद्रपाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि साधारण ३५० मीटर खोलवरून आणलेल्या गार पाण्याने ती थंड करायची, इतकी सुंदर आयडिया! पुढे मिनिकॉय बेटावर आणि अगत्तीलाही असे प्लांट झाले. पण पंपांना वीज लागते, ती बरीचशी डिझेल जनरेटरची, आणि डिझेल येतं जहाजाने.

आता सांगा, किती हॉटेलं झेपतील? ३६ बेटांपैकी वस्ती १० वर, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, माणसं २०११ च्या जनगणनेत ६४ हजारांच्या आसपास. आपल्या पुणे महापालिकेची हद्दच याच्या कितीतरी पट मोठी आहे.

लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि प्रवाळाची कड यांच्या मधल्या उथळ पाण्यात, मास्क लावून डोकं घातलं तेव्हा ब्रोशरमधले रंग शोधत होते मी, तर फांद्यांसारखं मेलेलं प्रवाळ आणि त्यावर मळकट शेवाळाची लव. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४ ला हे झालंय. तापमान आपल्या हातात नाही, पण हॉटेलचं सांडपाणी तरी आहे ना, ते लगूनमध्ये झिरपलं की शेवाळ आणखी फोफावतं आणि आजारी प्रवाळाला सावरायला जागाच उरत नाही. बेटावर येणाऱ्या लाटा अडवणारी भिंत म्हणजे हे प्रवाळच, आणि तिथले मच्छीमार गळाच्या काठीने एकेक टूना काढतात त्यासाठी लागणारी बारकी जिवंत मासळी पण याच लगूनमधून धरतात. म्हणजे घर आणि पोट दोन्ही त्या प्रवाळावर.

शेवटच्या दिवशी किनाऱ्यावर एक मराठी बोलणारा ग्रुप पाण्याच्या बाटल्या तशाच टाकून गेला, मला फार वाईट वाटलं. अकरा बाटल्या होत्या, चेपून बॅगेत घातल्या आणि पुण्यात आणून कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना दिल्या.

लेखाचा दुसरा भाग येत्या रविवारी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यात रेटच्या चौकटीखाली एवढं छापाच: बुकिंग करण्याआधी पाणी कुठून घेता आणि सांडपाणी कुठे सोडता हे विचारा, आणि आपलं प्लास्टिक आपल्या बॅगेत परत आणा.

आपली नियमित वाचक,
सिंहगड रोड, पुणे