१९ टक्के आणि २० टक्के

महोदय,

फौजेतून पेन्शनवर येणाऱ्या जवानाची शेवटची तपासणी रिलीज मेडिकल बोर्डासमोर होते. अपंगत्व किती टक्के आणि ते नोकरीमुळे झाले किंवा वाढले का, हे तिथेच ठरते. तुटलेला हात-पाय बोर्डाला दिसतो. मणक्याची गादी सरकून पायाची नस दबली असेल तर वरून काहीच दिसत नाही. तालुक्यातल्या माजी सैनिकांचे कागद वाचून देताना मी पाहतो की सर्वांत जास्त मार याच दुखण्याला बसतो.

शेजारच्या वाडीत एक निवृत्त नाईक आहे. उंचावरच्या ठाण्यांवर पाठीवरून ओझी वाहून त्याची कंबर गेली. आता बांधावरून चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते आणि त्याला पत्ताच नसतो. मागून बायको हाक मारते तेव्हा कळते. दिवसा बधिर असलेला तोच पाय रात्री मांडीपासून घोट्यापर्यंत असा ठणकतो की बिचारा अंगणात फेऱ्या मारत बसतो. त्याच्या कागदावर शेरा आहे : १५ ते १९ टक्के, सेवेशी संबंध नाही. कारण म्हणून जेमतेम एक ओळ.

या आकड्याचा अर्थ घरच्यांना ठाऊकच नसतो. २० टक्क्यांच्या खाली अपंगत्व पेन्शन नाही. २० झाले आणि सेवेशी संबंध मान्य झाला, की ‘ब्रॉड बँडिंग’ने ते ५० धरतात. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणून ५० ला १५ टक्के, असा हिशेब आहे. म्हणजे ४०,००० पगारावर महिना ६,००० रुपये आणि वर महागाई सवलत. एका टक्क्यापायी हे सगळे जाते. (२१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम आहेत, मी त्याआधी घरी आलेल्यांबद्दल लिहितो आहे.)

भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असे मानावे, तसे नसल्यास सरकारने सिद्ध करावे आणि बोर्डाने कारणे द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट केले. मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही ब्रॉड बँडिंग मिळावे, हे डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात ठरले. तरीही त्या एका ओळीच्या शेऱ्यावर माणसे वर्षानुवर्षे गप्प बसून आहेत.

नसेच्या दुखण्यात नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी या नसा-स्नायूंच्या विद्युत तपासण्यांचे अहवाल जोडल्याशिवाय टक्केवारी लिहूच नये. जवान किती चालू शकतो, उकिडवा बसू शकतो का, जिना चढतो का, हेही नोंदवावे. पाय उचलायला लावून आणि गुडघ्यावर हातोडी मारून दुखणे मोजता येत नाही.

जवानांना सांगणे एवढेच : बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्या, सहा महिन्यांत पहिले अपील करा, मग दुसरे. तिथेही नाही झाले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. उशीर करू नका. बऱ्याच प्रकरणांत थकबाकी मागच्या तीनच वर्षांची मिळते.

आणि सातारा हा घराघरातून फौजेत माणूस धाडणारा जिल्हा आहे. इथल्या सैनिक कल्याण कार्यालयाने महिन्यातून एकदा तरी प्रत्येक तालुक्याला वैद्यकीय कागद वाचू शकणारा माणूस बसवावा.

– एक माजी हवालदार, कोरेगाव (जि. सातारा)