दोन तासांचे अंतर, दोन दिवसांचा वळसा

धोपावे, ता. गुहागर
आषाढ वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र कालच हाती आले. चार दिवस फेरीबोट बंद असल्यामुळे ते दापोली, खेड, चिपळूण असा प्रवास करून आले असणार, आणि मी मात्र ओटीवर बसून खाडीपलीकडे तुमचे दाभोळ पाहत होतो.

तुझे चिरंजीव कॅनडातील इकालुइतहून ग्रीनलंडच्या नूकला दोन तासांत पोचणार असे म्हणतात, आणि भिंतीवरच्या नकाशावर तुझ्या पट्टीने ते अंतर साडेअठराशे किलोमीटर भरते. मग पंख्याचे विमान एवढे धावेल कसे, असे तू विचारले आहेस. तुझी पट्टी चुकलेली नाही, तुझा नकाशा ताणलेला आहे. बोटीवरच्या पहिल्या वर्षी हीच चूक करून मी कप्तानाची बोलणी खाल्ली होती. दोन्ही गावे 64 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असून त्यांच्या रेखांशांत सुमारे 17 अंशांचा फरक आहे. आपल्या खाडीपाशी रेखांशाचा एक अंश सुमारे 106 किलोमीटरांचा असतो. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे तिकडे तोच अंश जेमतेम 49 किलोमीटरांचा उरतो. भिंतीवरचा तो नकाशा दर्यावर्दींना दिशा अचूक मिळावी म्हणून उत्तरेकडे फुगवलेला असतो आणि खालचे प्रमाण विषुववृत्तापुरतेच खरे असते. प्रत्यक्ष अंतर सुमारे 820 किलोमीटर आहे. तासाला पाचशेच्या आसपास वेग धरला, चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवला, की दोन तासांचा हिशेब जुळतो.

परतीची गंमत वेगळीच आहे. नूकचे घड्याळ इकालुइतच्या तीन तास पुढे असते, म्हणजे तिकडून दुपारी बाराला निघालेला मुलगा अकराच्या सुमारास उतरेल! वहिनींना हे समजावण्याचे काम मी तुझ्याकडे सोपवतो.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मध्ये डेव्हिसची सामुद्रधुनी, आणि दोन्ही गावांना बाहेरच्या गावाशी जोडणारा रस्ताच नाही. नूकची धावपट्टी 950 मीटरांची होती, ती 2024 च्या नोव्हेंबरात 2,200 मीटरांची झाली, त्यामुळे मोठी विमाने आता उतरू लागली. पण धुके आणि वारा धावपट्टीच्या लांबीला जुमानत नाहीत. त्यात समोरासमोरचे हे विमान काही रोजचे नाही. ते हुकले, तर इकालुइतहून सुमारे 2,100 किलोमीटर दक्षिणेला ऑटवा, तिथून अटलांटिक ओलांडून आइसलंड किंवा कोपनहेगन आणि मग पुन्हा पश्चिमेकडे नूक, असा दोन दिवस खाणारा फेरा पडतो. फेरी बंद पडली की दहा-पंधरा मिनिटांच्या दाभोळला चार तास लागतात, हे आपण जन्मभर पाहत आलो आहोत. फरक एवढाच, की आपल्याला निदान एसटी मिळते.

म्हणून त्याला नूकनंतरचे पुढचे तिकीट त्याच दिवसाचे काढू देऊ नकोस. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवायला सांग, मग राहण्याचा खर्च झाला तरी चालेल.

फेरी सुरू झाली की माझा जुना पृथ्वीगोल घेऊन येतो. वहिनींकडून हातभर दोरा तेवढा मागून ठेव, म्हणजे अंतर तुझ्यासमोरच मोजू.

तुझाच,
पलीकडचा मित्र