ज्यूडीबाई, विहीणबाईंच्या वतीने आभार

आदरणीय ज्यूडी फेल्ड कार बाई,

शालोम आणि नमस्कार.

आपली ओळख नाही. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू, मूळची अलिबागकडची, आता मुक्काम इस्रायलमधल्या अश्दोदला. माझी सून सीरियन घराण्यातली. ज्या ३,२२८ ज्यूंना तुम्ही सीरियातून बाहेर काढलंत, त्यांत तिची आई होती. हे पत्र खरं तर विहीणबाईंनीच लिहायचं, पण सीरियातल्या आलेप्पोचा विषय निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जातात. म्हणून मी लिहायला बसले.

त्यांचं जुनं ओळखपत्र मी पाहिलंय. त्यावर तांबड्या शाईचा ठसठशीत शिक्का : मूसवी, म्हणजे ज्यू. कोकणात आम्हांला शनिवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणून. त्यापलीकडे कुणी कधी छेडलं नाही. सरकारच हात धुऊन मागे लागतं म्हणजे काय, ते विहीणबाईंकडून कळलं. गावाबाहेर जायचं तर मुखाबरातची, म्हणजे गुप्त पोलिसांची, परवानगी. परदेशी उपचाराला जायचं तर अनामत रक्कम भरा आणि घरचं माणूस ओलीस ठेवा. देश सोडायचा तर नावच नको. १९७४ साली पळून जाऊ पाहणाऱ्या चार मुलींचे मृतदेह दमास्कसजवळच्या डोंगरात सापडले.

आणि तुम्ही कोण, तर टोरांटोतल्या संगीताच्या शिक्षिका! १९७३ मध्ये यजमान गेले, पदरात तीन मुलं. तरी दमास्कसच्या रब्बींना धर्मग्रंथांची खोकी जात राहिली, सांकेतिक निरोप येत राहिले. मग कुठे अधिकाऱ्याचे हात ओले करा, कुठे चोरवाटेने तुर्कस्तानात नेणारा माणूस गाठा. पैसा तुमच्या यजमानांच्या नावाने सिनेगॉगमध्ये काढलेल्या निधीतला. माणसांसाठी अशी घासाघीस करणं बरं का, असं कुणी विचारतंही. विचारोत बापडे, त्यांची लेक तिकडे अडकली नव्हती.

मला मात्र सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुमच्या गप्प राहण्याचे. आपल्यासाठी किती मोजले, हे विहीणबाईंना आजही ठाऊक नाही. तुमचं नावसुद्धा इथे स्थिरावल्यावर कळलं. त्यांचा धाकटा भाऊ तेव्हा मागेच होता. कुठे चकार शब्द फुटला असता तर त्याची गठडी वळली असती. १९९२ साली सीरियाचे अध्यक्ष हाफेझ असाद यांनी, इस्रायलला जायचं नाही या अटीवर, ज्यूंना बाहेर पडू दिलं, तेव्हा तो न्यूयॉर्कला पोचला. तुमचं काम त्यानंतरही २००१पर्यंत चालूच होतं.

नातवाचा बार मित्झवा, म्हणजे तेराव्या वर्षीचा धर्मसंस्कार, ठरलाय. घरी मलिदा करणार : पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची. विहीणबाई त्यात पिस्ते घालतात. मला ते बिलकूल पटत नाही, पण आता घरात दोन बाजू आहेत. या वयात इतका प्रवास झेपेल न झेपेल, तरी आमंत्रण देऊन ठेवते. आलात तर पिस्त्यांचा निकाल तुम्हीच लावा.

आपली,
एक अलिबागकरीण