घरून काम आणि दुपारची बस

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरून काम करणारे वाढले की रस्ते आपोआप मोकळे होतील, असं २०२० पासून सगळेच धरून चालले आहेत. मी स्वतः आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. पण माझ्याच येण्याजाण्याचा हिशेब मांडला तेव्हा तो या समजुतीशी जुळेना, म्हणून हे पत्र.

ऑफिसला जाताना आपण वाटेत बरीच कामं उरकत असतो. मुलाला शाळेत सोडणं, येताना औषधं घेणं, बँकेत डोकावणं. ऑफिस घरी आलं तरी ही कामं राहतातच आणि मग प्रत्येकासाठी वेगळं बाहेर पडावं लागतं. शिवाय दारात उभी असलेली गाडी घरातलं दुसरं कुणीतरी काढतंच. पूर्वी माझ्याकडे बसचा महिन्याचा पास असायचा. पैसे आधीच भरलेले, त्यामुळे दोन थांब्यांवरच्या कामालाही मी सहज बसमध्ये चढायचे. आठवड्यात दोनच दिवस जायचं तर महिन्याचा पास परवडत नाही, म्हणून तो बंद केला. आता त्याच दोन थांब्यांसाठी स्कूटर बाहेर निघते. ऑफिसच्या लांबच्या फेऱ्या वाचल्या हे खरं, पण वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये भर दुपारी आणखी एक वाहन आलं, आणि ते माझं आहे.

मोठ्या रस्त्यांची गोष्ट थोडी वेगळी. रस्ता काठोकाठ भरलेला असतो तेव्हा थोडी वाहनं कमी झाली तरी वेग बराच वाढतो. म्हणजे सगळ्यांनी घरी बसायची गरजच नाही, थोड्यांनी बसलं तरी पुरतं. पण ते वेगवेगळ्या दिवशी बसले पाहिजेत. ज्यांना दिवस निवडता येतात ते बहुतेक सोमवार आणि शुक्रवार घरी राहतात आणि मंगळवार ते गुरुवार ऑफिस गाठतात. त्यात मोकळा झालेला रस्ता मोकळा राहतही नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की गर्दीच्या वेळेचा रस्ता मोकळा झाला की एरवी दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वाटेने किंवा बस-रेल्वेने जाणारे तिकडे वळतात आणि तो पुन्हा भरतो.

यात सगळ्यात जास्त ओढाताण होते ती सार्वजनिक वाहतुकीची, आणि मला खरी काळजी तिचीच आहे. बस आणि चालक ठेवावे लागतात ते सर्वांत गर्दीच्या दिवसाच्या हिशेबाने. तो दिवस फारसा हलका झालेला नाही, पण पास गेले आणि उत्पन्न घटलं. मग काटकसर म्हणून फेऱ्या कमी होतात, त्याही आधी दुपारच्या आणि रात्रीच्या. त्या वेळी बसने कोण जातं? रुग्णालयातल्या नर्स, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, दुकानांत आणि घरांत काम करणाऱ्या बायका. यांचं काम घरून होण्यासारखं नाही. माझी सोय झाली आणि तिचं मोल त्यांनी थांब्यावर उभं राहून चुकवावं, हे मला पटत नाही.

एका भागातल्या कंपन्यांनी एकमेकींशी बोलून घरून कामाचे दिवस वाटून घेतले तर बरंच साधेल. ते अवघडही नाही, साप्ताहिक सुट्टीचे वार पूर्वी असेच वाटलेले असायचे. पासही महिन्याऐवजी ठरावीक दिवसांचा मिळावा, म्हणजे महिन्यातले कोणतेही दहा किंवा बारा दिवस आपल्या सोयीने वापरता येतील. असा पास मिळाला तर मी उद्यापासून स्कूटर बंद ठेवीन.

आणि प्रशासनाला आपल्या वृत्तपत्रातून एक विनंती. वाहनं आणि प्रवासी मोजायचे ते सकाळी आणि संध्याकाळी, मोठ्या चौकांत, ही पद्धत बहुतेक जण रोज ऑफिसला जात असत तेव्हाची आहे. दुपारची कोणतीही फेरी बंद करण्याआधी एकदा दोन वाजता वस्तीतल्या थांब्यावर माणूस पाठवावा आणि तिथे कोण, किती वेळ उभं आहे याची नोंद घ्यावी.

आपली,
एक वाचक