शुगरच्या लेखात मेंदू राहून गेला

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला मधुमेहावरचा लेख चांगला होता, पण डोळे, किडनी, पाय सगळं आलं आन् मेंदू तेवढा राहिला, हे खटकलं. इन्सुलिन म्हणलं की आपल्याला फक्त रक्तातली साखर आठवते. पण हेच हार्मोन मेंदूतही काम करतं, नवीन आठवणी तयार करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग आहे तिथं त्याचे रिसेप्टर (इन्सुलिनचा निरोप घेणाऱ्या पेशींवरच्या जागा) भरपूर असतात, आणि टाइप २ मधुमेहात शरीर जसं इन्सुलिनला दाद देईनासं होतं तसं मेंदूचंही होऊ शकतं, मग लक्षात ठेवणं जड जातं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२० ला डिमेन्शियाचे (म्हणजे स्मृतिभ्रंशाचे) टाळता येण्यासारखे १२ धोके सांगितले, त्यात डायबेटिस आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत.

आपल्या मराठवाड्यात मात्र आजोबा एकच गोष्ट सारखी विचारायला लागले की "म्हातारं चळलं" म्हणायचं, झालं! थायरॉईड कमी असेल किंवा मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षे घेऊन बी१२ जीवनसत्त्व उतरलं असेल तरी विसरायला होतं, आणि ते वेळेत सापडलं तर बऱ्याचदा सुधारतं, पण तपासणार कोण?

गावोगावच्या शुगर शिबिरात बोटातलं रक्त घेतात तसं घरच्या माणसाला एवढं तरी विचारावं, की गोळी घेतलेली यांच्या लक्षात राहती का. कारण विसरून दोनदा घेतली तर काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली येती.

— एक वाचक, परभणी