क्लच किलोमीटर पाहून बदलू नका

महोदय,

जुनी पोर्शे बॉक्स्टर किंवा ९११ घेणारे बरेच जण ‘इतके किलोमीटर झाले, आता क्लच बदला’ या सल्ल्यावर विसंबतात. मुंबईच्या गर्दीत अर्धा क्लच दाबून चालवलेली गाडी आणि महामार्गावर धावलेली गाडी यांत या आकड्याला अर्थच उरत नाही.

खरी परीक्षा रिकाम्या रस्त्यावर होते. चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लचची प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची चकती) घसरते आहे. ही चाचणी एक-दोनदाच करा. घसरणाऱ्या प्लेटच्या उष्णतेने फ्लायव्हील (प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) निळसर पडते, आणि तिथेच खर्च वाढतो. या गाड्यांत पेडल हळूहळू जड होणे हेही झिजेचे लक्षण आहे.

गिअर खरखरत पडत असेल तर मात्र प्लेटला दोष देण्याआधी पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारी हायड्रॉलिक यंत्रणा तपासा: तिच्या तेलात हवा शिरली आहे का, क्लचकडच्या टोकाचा स्लेव्ह सिलिंडर गळतो का.

क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो; तो एकदा उतरवला की नुसती प्लेट बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच घ्या. क्रँकशाफ्टचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गळून प्लेटवर तेल येत असेल तर नवी प्लेटही थरथरू लागेल. १९९७ ते २००५ च्या बहुतेक इंजिनांत आयएमएस बेअरिंगही (इंजिनमधल्या इंटरमीडिएट शाफ्टचे, म्हणजे मधल्या दांड्याचे बेअरिंग) याच वेळी बदलता येते. ते तुटले तर इंजिनच जाते. २००६ ते २००८ च्या मोठ्या बेअरिंगसाठी इंजिन उघडावे लागते.

– एक वाचक, पुणे