वहिनींचं मुखत्यारपत्र मार्गी लावणाऱ्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

दादाच्या मृत्यूचा दाखला आणि वहिनींचं मुखत्यारपत्र, दोन्ही परदेशातल्या त्याच्या बँकेनं स्वीकारलं. वकिलांचा तसा निरोप आला. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. असेच कागद हातात घेऊन भांबावलेल्या कुणाच्या नजरेस पडलं, तर त्याचंही काम होईल.

आम्हाला ज्यानं त्यानं पायऱ्यांची यादी दिली होती: नोटरी, मंत्रालय, वकिलात, भाषांतर. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "कागद कोणत्या देशात आणि कुणाच्या टेबलावर जाणार?" दोन्ही देश १९६१च्या हेग करारात आहेत म्हटल्यावर वकिलातीची पायरी तुम्ही तिथल्या तिथे खोडलीत. अपॉस्टिल, म्हणजे कागद जिथला त्याच देशाच्या सरकारनं या करारानुसार जोडलेलं एक प्रमाणपत्र, तेवढंच पुरे. एका एजंटानं तीच पायरी सक्तीची सांगून तिचे पैसे लावले होते! शिक्क्यांची ती साखळी नको म्हणूनच हा करार झाला, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग दोन कागदांच्या दोन वाटा. दाखल्यावर निबंधकाची सही, म्हणजे तो मुळातच सरकारी दस्त. आमच्या बाबतीत त्याला नोटरी लागली नाही. मुखत्यारपत्र खासगी. त्यावर आधी वहिनींनी नोटरीसमोर सही करायची, आणि अपॉस्टिल लागणार ते नोटरीच्या सहीला. सही कुणाची, कोणत्या अधिकारानं केलेली, शिक्का कुणाचा, एवढंच ते सांगतं. मजकुराची हमी देत नाही. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आत काहीही लिहिलं तरी चालेल?" तुम्ही म्हणालात, "शिक्का मिळेल. पुढचं तुम्ही निस्तरा."

त्या एका वाक्यानं आमचं काम वाचलं, असं मला वाटतं. सही करण्याआधी मसुदा तिकडच्या वकिलांना पाठवायला तुम्हीच लावलंत. त्यांनी 'सर्व अधिकार' हे मोघम शब्द काढायला लावून खातं बंद करणं, रक्कम स्वीकारणं, पावती देणं असे एकेक अधिकार लिहून घेतले. मोघम मुखत्यारपत्र सगळे शिक्के लागूनही बँकेच्या खिडकीवर अडलं असतं.

भाषांतर शेवटी, कारण अपॉस्टिलचाही अनुवाद त्यांना हवा होता. तोही त्यांच्याकडच्या शपथबद्ध अनुवादकाचाच. अपॉस्टिलला करारानं मुदत घातलेली नाही, पण कागद घेणारी कचेरी दाखला ताजा मागू शकते, म्हणून तुम्ही दाखल्याची नवी प्रत काढायला लावलीत. आणि स्कॅन करताना जोडलेली पानं सुटी करायची नाहीत, ही ताकीद तर इतक्यांदा दिलीत की वहिनींनी पाकिटावर तसं लिहूनच ठेवलं. (स्कॅनवाल्या मुलानं पिना काढायचं हत्यार उचललंही होतं.)

घर विकायला वेगळं मुखत्यारपत्र लागेल, असं वकील म्हणतात. मसुदा आला की घेऊन येतो. या खेपेला फी मात्र घ्याच. वहिनींनी बजावून सांगितलंय.

आपला नम्र,
दादाचा धाकटा भाऊ